खोक्यावरची हमी

मी एक जुना मोबाईल होल्डर आहे. जुना म्हणजे वर्षाचाही नाही. पण टॅक्सीत सगळेच लवकर जुने होतात, वस्तू काय आणि माणूस काय! मित्रांनो, मी कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या खोक्यावर छापले होते, 'एक वर्षाची हमी'. आमच्या ड्रायव्हरने ते खोके गाडीच्या खणात जपून ठेवले. मला त्याचे हसू यायचे.

माझे काम ड्रायव्हरच्या मालकाला धरून ठेवण्याचे. हो, मालकच! त्याला ना तोंड, ना नाव. नुसता फोनचा उजळता पडदा. तो म्हणेल तिकडे गाडी वळायची. एखादे भाडे नाकारले, की हा दिवसभर रुसायचा. ड्रायव्हर लघवीला थांबला तरी लगेच विचारायचा, 'का थांबलात?'

एका दुपारी प्रवासी उतरला, आम्ही दुसऱ्याला घ्यायला निघालो आणि चौकात ट्रकने धडक दिली. माझा एक पंजा मोडला. ड्रायव्हरचा पाय मोडला. फोन मात्र खाली पडूनही कोकलत होता, 'प्रवासी वाट पाहत आहे!' आठवले की अजून अंगाची लाही होते. संध्याकाळी टॅक्सीच्या ॲपवरचे ड्रायव्हरचे खातेच बंद झाले. कारण काय, तर त्याने उत्तर दिले नाही!

त्याची थोरली बहीण भरपाई मागायला त्या ॲपच्या कंपनीच्या कचेरीत गेली. गाडीतले सामान तिच्या पिशवीत होते, त्यात मीही होतो. साहेब गोड आवाजात म्हणाला, "ताई, तेव्हा गाडीत प्रवासी नव्हता ना! आणि ते आमचे कामगार नाहीत, भागीदार आहेत."

"भागीदार? मग पाय एकट्याचाच कसा मोडला हो?"

साहेबाने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "कायद्यात बसत नाही, ताई."

ताई पाणी न पिताच उठली. वाटेत तिने मला दुकानात नेले, कारण भावाने अंथरुणातून बजावले होते, "होल्डर दुरुस्त करून आण. बरा झालो की लागेल." दुकानदाराने खोके पाहिले. "वर्षाच्या आत मोडलाय. नवा घेऊन जा, पैसे नकोत." ताई तिथेच रडायला लागली. तो बिचारा गोंधळून गेला.

आता मी त्याच्या भंगाराच्या टोपलीत आहे. मित्रांनो, शेवटी 'वस्तू जपून वापरा' असे सांगायची रीत आहे. मी नाही सांगणार! मोठेपणी तुमच्यातलेच कोणी कायदे करायला बसतील. तेव्हा गाडी चालवणाऱ्या माणसालाही हमी द्या. फार नको. माझ्या प्लास्टिकच्या पंजाला मिळाली, तेवढी तरी द्या.