वाया जाणारे सात दिवस

करिष्माने आईचं मनगट सोडलंच नाही. हॉटेलच्या काचेच्या दारातून तिने कमळला जवळजवळ ओढतच आत आणलं, एसीचा गार झोत तोंडावर आला तशी स्वतःच खुदकन हसली. मागून केसरीनाथ, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटात स्कॉर्पिओची चावी गरागरा फिरवत.

"डिनर सेट घ्याचा न निंगाचा," तो म्हणाला. "बसाचा न्हाय."

"पप्पा, आधी ऐकून तर घ्या!"

कूपन तिनेच भरलं होतं. पुढच्या महिन्यातल्या तिच्या लग्नाच्या साड्या घेतल्या त्या दुकानात, असंच, गंमत म्हणून. आणि लागलं! फोन आला तेव्हा ती टेमघरच्या घरात जिन्यावरून ओरडतच खाली आली होती. अट एकच होती, डिनर सेट घ्यायला नवरा-बायको दोघांनी यायचं आणि कंपनीची सुट्टीची स्कीम ऐकून घ्यायची. कमळला तयार करता करता तिच्या नाकी नऊ आले. "मी काय करू तिथं? तुमीच जाऊन या," एवढंच चाललेलं.

टाय लावलेला एक पोरगा लगबगीने पुढे आला. "नमस्कार सर, नमस्कार मॅडम, मी नरेंद्र." त्याने खुर्च्या ओढल्या, चहा मागवला, लॅपटॉप उघडला आणि सुरूच झाला. मनाली. मुन्नार. गोवा, निळाशार स्विमिंग पूल. झाडांवर बर्फ, गाड्यांवर बर्फ, बर्फात लोळणारी लाल टोपीतली माणसं! करिष्माला कुठे बघू आणि कुठे नको असं झालं. बिस्किट हातातच राहिलं.

"दरवर्षी सात दिवस, पंचवीस वर्षं," नरेंद्र म्हणाला. "देशात कुठेही."

"खोली कंची?" केसरीनाथने विचारलं.

"कुठलीही, सर."

"कुठलीही म्हंजे कंची? पैसं मी देनार, तं माझी खोली मना दाव. नंबर सांग. सातबारा कोनाचे नावाव हाय?"

नरेंद्र हसला. केसरीनाथ हसला नाही. शेत गोडाऊनवाल्याला दिलं तेव्हा चारी कोपऱ्यांवर स्वतः उभं राहून त्याने मोजणी करून घेतली होती. डोळ्यांना दिसत नाही अशी वस्तू त्याने आजवर ना विकली होती ना घेतली होती.

"सर, ही जागा नाही. हा हक्क आहे. सात दिवस राहायचा."

"आमी अकलोलीला गरम पान्याचे कुंडाव जाताव. सकाली जायाचा, सांजला परत. कोन पैसं मागत न्हाय."

"पप्पा, अकलोलीला बर्फ पडतो का?"

आता केसरीनाथही हसला. लेकीपुढे तो असा विरघळायचाच, आणि करिष्माला ते पक्कं माहीत होतं. तिने लगेच लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. बघा ना, हे बघा, हे तर बघाच! त्याने बघितलं. थोडं पुढे वाकूनच बघितलं. झालं, जमलं, असं तिला वाटलं, तेवढ्यात त्याने मान वर केली.

"आन येका वर्साला जमला न्हाय तं? कोनाचा लगीन असंल, मयत असंल. तं ते सात दिवस फुडचे वर्साला भेटतील ना?"

नरेंद्रने टायची गाठ चाचपली. "नाही सर. त्या वर्षीचे त्या वर्षीच. नाही गेलात तर... वाया जातात. पैसेही परत मिळत नाहीत."

"बग!" केसरीनाथने टेबलावर थाप मारली. "पैसं आमचं न दिवस त्यांचं. चल गो, ऊठ." डिनर सेटचं खोकं त्याने काखेत मारलंसुद्धा.

करिष्माचा चेहरा पडला. तिने पर्स उचलली.

कमळ उठली नाही. तिने कप बशीत ठेवला.

"वाया म्हंजे पुरंच वाया?"

"हो मॅडम." नरेंद्र ओशाळला. "म्हणून तर आमचे मेंबर जातातच. काहीही झालं तरी."

"लगीन झालेली पोर आलेली चालंल?"

"का नाही? एका खोलीत चार जण. तुम्ही कुणालाही आणा."

कमळचं माहेर कोन गावातलं. रिक्षात बसलं की आलंच, इतकं जवळ. तरी ती तिथे मुक्कामाला राहिली ती फक्त करिष्माच्या वेळी, बाळंतपणाला. एरवी पिशवी भरली की काहीतरी निघायचंच. लावणी आली, सासूचे गुडघे धरले, पाहुणे येणार. "जवलच तं हाय, जाशील कवा पन," असं सगळे म्हणायचे. तो कवा पन कधी आला नाही.

"अवो, बसा," कमळ म्हणाली.

"तुला बर्फ बघाचा हाय?"

"मना काय कराचा बर्फ? बसा तुमी."

केसरीनाथ खोकं मांडीवर घेऊन बसला, आणि बायकोकडे सोडून हॉलभर सगळीकडे बघत राहिला.

करिष्मा तर टाळ्या पिटायचीच बाकी होती. "आई! मनाली की मुन्नार? पटकन सांग!"

"कुठं पन." कमळने खुर्ची नरेंद्रजवळ सरकवली. "भाऊ, येक काम करा. न्हाय गेला तं पैसं बुडतात, बोललात ना आता? ते येका कागदाव लिवून द्या. कंपनीचा शिक्का मारून."

नरेंद्र गोंधळला. "मॅडम, ते कशाला? फायदे लिहून देतो ना."

"फायदे नकोत. हिचे सासूला दावाचा हाय."

करिष्माचं बोट मनालीच्या बर्फावर तसंच राहिलं.

"आन अक्षर मोठा काढा," कमळ म्हणाली. "ती चष्मा लावत न्हाय."