झडप, झडपेला, झडपेतून

दवाखान्यांतल्या चादरी धुणारी अवाढव्य यंत्रं बनवणाऱ्या त्या कंपनीत माहितीपुस्तिका लिहिणारी एकच बाई होती. तिला सगळे सूचीबाई म्हणत, कारण चार वर्षं प्रत्येक बैठकीत तिचं एकच पालुपद असे : सहाशे चाळीस पानांच्या पुस्तिकेला शेवटी शब्दसूची हवी, नाहीतर माणसाला त्यात काही सापडणार नाही. विभागप्रमुख दरवेळी ते अत्यंत सहानुभूतीने ऐकत आणि चहा मागवत.

मग एका मोठ्या दवाखान्याने कळवलं, की सूची नसेल तर पुढची यंत्रं दुसरीकडून घेऊ. त्याच दुपारी विभागप्रमुखांना सूचीची कल्पना सुचली.

"इतकी साधी गोष्ट," ते बैठकीत म्हणाले, "आजवर कुणाच्याच डोक्यात कशी आली नाही?"

सूचीबाईने खिडकीबाहेर पाहिलं. मग तिने पुन्हा एकदा समजावून सांगितलं. पुस्तिकेचा मजकूर साध्या फाइलींत असतो, त्यात जागोजागी खुणा असतात : हे शीर्षक, ही धोक्याची सूचना. तशीच सूचीची खूण असते. ती घातली की पानांचे आकडे संगणक आपोआप गोळा करतो. पण खूण कुठे घालायची, हे एकेक परिच्छेद वाचून माणसानेच ठरवायचं. दोन महिने लागतील.

"तीन आठवड्यांनी दवाखान्याची माणसं येतायत," विभागप्रमुख म्हणाले. "आणि संगणक काय शोभेला ठेवलेत? झटपटला सांगतो."

झटपट म्हणजे कंपनीचा प्रोग्रॅमर. कुठलंही काम दोन तासांत करून देतो, अशी त्याची ख्याती होती आणि ती खरी होती. ते काम पुढे इतर लोक दोन महिने निस्तरत. त्याने पुस्तिकेतल्या झाडून सगळ्या शब्दांना खुणा घालणारा प्रोग्रॅम लिहिला, बटण दाबलं आणि एकशे अठरा पानांची सूची बाहेर पडली.

सूची सर्वसमावेशक होती. 'आणि' हा शब्द कुणाला शोधायचा असता तर त्याची उत्तम सोय झाली होती. 'यंत्र' या शब्दापुढे सहाशे अडतीस आकडे होते. राहिलेली दोन पानं कोरी होती म्हणून सुटली. शिवाय आपली भाषा शब्दांना प्रत्यय लावते, हे प्रोग्रॅमला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे झडप, झडपेला, झडपेचा, झडपेतून, झडपांना अशा प्रत्येकीने आपलं स्वतंत्र बिऱ्हाड थाटलं होतं.

विभागप्रमुखांनी तो गठ्ठा हातात तोलून पाहिला. "वा! भरगच्च झालीय."

सूचीबाई गठ्ठा घेऊन घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर तो पसरून कपाळाला हात लावून बसली. समोर सासूबाई शेंगा सोलत होत्या. एका दवाखान्याच्या धुलाई विभागात तीस वर्षं काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. सासूसुनेचं भांडण नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. दूध आलं का, गॅस बंद केलास का, यापलीकडे दोघींची गाडी सहा वर्षांत गेली नव्हती.

"कसलं पुस्तक गं?"

"तुमच्याच यंत्राचं, आई. कपडे धुवायच्या."

"मग दार अडकलं तर काय करायचं, ते काढून दाखव."

सूचीबाईने शोधलं. एकशे अठरा पानांत 'दार' नव्हतं. पुस्तिकेत त्याला 'भरण-झडप' म्हटलं होतं. आणि ते म्हणणारी ती स्वतःच होती. ती ओशाळली.

"तीस वर्षं मी त्याला दारच म्हणत आले," सासूबाई म्हणाल्या. "अडकल्यावर आणखीही काही म्हणायचे, पण ते छापता येणार नाही."

सूचीबाईला इतकं हसू आलं, की सासूबाईही चमकल्या.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी टेबलावर काम सुरू झालं. सूचीबाई परिच्छेद वाचायची आणि विचारायची, "इथे माणूस काय शोधत येईल?" सासूबाई सांगायच्या. 'कंपनमर्यादा' शोधत कुणी येत नाही. यंत्र 'नाचतंय' म्हणून येतात. 'निचरा-अवरोध' कुणाला होत नाही, पाणी 'तुंबतं'. सून तिथल्या तिथे खूण घालायची आणि झडपेकडून दाराकडे, दाराकडून झडपेकडे बोट दाखवायची. सगळं पुस्तक तीन आठवड्यांत होणं शक्य नव्हतं, म्हणून दोघींनी बिघाडांची प्रकरणं आधी उरकली. अधूनमधून सासूबाई आपल्या जुन्या मुकादमाच्या नकला करायच्या, आणि ते काही पुस्तकात घालता यायचं नाही. सूचीबाईच्या नवऱ्याने एकदा आत डोकावून पाहिलं आणि दोघींना खिदळताना बघून काळजीने विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

दवाखान्याकडून धुलाईचे मुकादम आले. जाडजूड मनगटं, कमी बोलणं. विभागप्रमुखांनी गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. "काहीही शोधा!"

"फेस दारातून बाहेर येतोय," मुकादम म्हणाले.

'फेस' सापडला, पुढे एक्केचाळीस आकडे. मुकादमांनी पहिलं पान उघडलं : फेस येणार नाही याची काळजी घ्यावी. दुसरं उघडलं : फेस येणे अपेक्षित आहे. सातव्या पानापर्यंत त्यांनी दम धरला. विभागप्रमुख घाम पुसत म्हणाले, "खूप माहिती आहे, बघा."

सूचीबाईने आपल्या पिशवीतून चौदा पानं काढून त्यांच्यापुढे ठेवली. मुकादमांनी बोट फिरवलं. 'फेस, दारातून बाहेर येणे : ३१४.' पान उघडलं, वाचलं, मान डोलावली.

"हे कुणी केलं?"

"आमच्या नव्या स्वयंचलित प्रणालीने!" विभागप्रमुख क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले.

मुकादमांनी एकवार सूचीबाईकडे पाहिलं. यंत्रांचं काम कंपनीलाच मिळालं. विभागप्रमुखांचं वरिष्ठांकडून कौतुक झालं, झटपटला टाळ्या मिळाल्या. त्या त्याने थोड्या गोंधळून स्वीकारल्या. उरलेल्या सात पुस्तिकाही याच प्रणालीने करायचं ठरलं.

"होतील," सूचीबाई शांतपणे म्हणाली. "पण प्रणालीला कामावर घ्यावं लागेल. आठवड्यातून तीन दिवस. नेमणुकीच्या पत्रासकट."

"म्हणजे?"

"माझ्या सासूबाई आहेत."

विभागप्रमुख मुकादमांसमोर जे बोलून बसले होते, ते आता गिळता येईना. पत्र निघालं, हुद्दा 'शब्दसल्लागार'.

सोमवारी सासूबाई इस्त्रीची साडी नेसून कचेरीत आल्या. बसायला दिलेली चाकांची खुर्ची त्यांनी परत पाठवली आणि चार पायांची मागवली. विभागप्रमुखांनी अदबीने वाळवण-यंत्राची पुस्तिका त्यांच्यापुढे ठेवली. सासूबाईंनी चष्मा लावला, पहिलं वाक्य वाचलं आणि विचारलं,

"हे कुणी लिहिलंय?"

"मी. प्रस्तावना नेहमी मीच लिहितो," विभागप्रमुख अभिमानाने म्हणाले.

"बसा इथे," सासूबाई म्हणाल्या, "आणि यातून तुम्हाला काय सांगायचंय, ते मला तोंडी सांगा."