लाल दोऱ्याच्या वर

मित्रांनो, सायकल दिसली की तुम्ही तिची चाके बघता, हँडल बघता, घंटी तर वाजवूनच बघता. माझ्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. त्यात तुमचा काही दोष नाही. बहुतेक वेळा माझ्यावर कुणीतरी बसलेलेच असते! मी एका जुन्या रेसच्या सायकलची सीट आहे. अंगाने अरुंद, कातड्याने चिवट, आणि आता रंगाने मधासारखी झालेली.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. चामडे भिजवून साच्यावर ताणले, कडेने तांब्याचे छोटे खिळे ठोकले. ठोकणारा कारागीर सतत काहीतरी गुणगुणत असे. तो सूर माझ्यात मुरला असावा, कारण पुढे देवाने मला नेमके गाणाऱ्याच्याच घरी पाठवले. देवाच्या मनात काय आहे ते आपल्याला आधी कुठे कळते?

माझे मालक घड्याळे दुरुस्त करतात. एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकून बसतात. संध्याकाळी मात्र गल्लीच्या टोकाला असलेल्या प्रार्थनामंदिरात पुढे बसून पदे म्हणतात, म्हणून सगळे त्यांना बुवा म्हणतात. तिथल्या शेवटच्या पदाची शेवटची ओळ फार लांब. वळणे घेत घेत वर चढणारी. ती एका दमात म्हणायची, असा शिरस्ता. पण वाकून वाकून बुवांच्या छातीची जणू घडीच पडली होती. ओळ अर्ध्यावर तुटायची. मग साथीला बसलेली मंडळी हळूच सूर उचलून मधली फट बुजवायची. कुणी एका शब्दाने बोलत नसे, आणि तेच बुवांना जास्त लागायचे.

"वर्ष सरेपर्यंत ओळ जमली नाही, तर पुढची जागा दुसऱ्याला देईन. मी आपला मागे बसेन," ते एकदा बायकोला म्हणाले.

बायको म्हणजे आमच्या काकू. त्या शिवणकाम करतात. तोंडात टाचण्या धरूनच त्या उत्तरल्या, "बसा की. मागे झोप तरी छान लागेल!" पण बोलताना त्यांचे मशीन थांबले होते.

डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले, छातीत दोष नाही, तिला काम नाही. मग बुवांनी सायकलच्या मिस्त्रींकडून एक जुनी सायकल घेतली. तिच्यावर मी होते.

पहिले काही दिवस मी फार बोलणी खाल्ली. "ही सीट आहे का पाटा?" बुवा कळवळून म्हणायचे. त्यांनी बाजारातून एक जाडजूड मऊ कव्हर आणून माझ्यावर चढवले. भर उन्हात गोधडी पांघरल्यासारखे झाले मला! बुवांनाही सुख मिळाले नाहीच. त्या गादीत ते रुतायचे, घसरायचे, आणि मांड्या सोलून घरी यायचे. त्यात गुडघे दुखू लागले.

मिस्त्रींनी बघताक्षणी ओळखले. "बुवा, सीट फार खाली आहे. पेडल खाली असताना त्यावर टाच ठेवली, की पाय सरळ झाला पाहिजे. चार बोटं वर घ्या. आणि ही उशी काढा आधी. मऊ असून उपयोग नाही, मापात बसायला पाहिजे."

"हेच मी गिऱ्हाइकांना सांगून थकले," बाजूला उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या.

कव्हर निघाले, मला वारा लागला. पण मला वर केल्यावर बुवांचे पाय जमिनीपासून सुटले, आणि ते घामाघूम होऊन खाली उतरले. "छे छे! देवानं पाय दिलेत ते जमिनीवर टेकायला. खाली घ्या ती." झाले. मी पुन्हा खाली. गुडघे पुन्हा कुरकुरायला मोकळे.

त्या शनिवारी बुवा दुकानात गेल्यावर काकू पाना घेऊन आल्या. माझा दांडा सायकलच्या ज्या नळीत बसतो, तिच्या तोंडाशी त्यांनी आधी एक लाल दोरा घट्ट बांधला, कापडावर खूण करतात तसा. मग मला वर घेतले. किती? अर्ध्या नखाएवढे! पुढच्या शनिवारी पुन्हा तेवढेच. त्याच्या पुढच्याही. दोरा जागच्या जागी राहायचा आणि मी त्याच्यापासून हळूहळू वर सरकायची. हे गुपित फक्त आम्हा दोघींचे, असा माझा समज होता.

"अगं, आपला रस्ता खचलाय वाटतं. पाय नीट टेकत नाहीत," बुवा म्हणायचे.

"रस्ता कसला खचतोय? तुम्हीच आखडलात," काकू टाचण्यांआडून म्हणायच्या.

रविवारी सकाळी गल्लीतली काही मंडळी सायकली घेऊन टेकडीकडे जात. पाट्या रंगवणारे पेंटर त्यांचे म्होरके. बुवा सुरुवातीला जोरात निघायचे आणि पहिल्याच चढावर दगडावर बसून धापा टाकायचे. पेंटर हसून म्हणाले, "अहो, शर्यत कुणाशी लावलीय? गात या! गाताना दम तुटला, की समजा वेग जास्त झाला."

मग बुवा गात निघाले. आधी सपाट रस्त्यावर, मग लहान चढावर. हाताची कोपरे सैल सुटली, खांदे कानांपासून खाली आले. एक दिवस सायकल चालवायची, एक दिवस अंगाला विसावा द्यायचा. थांबायचे असले की माझ्यावरून पुढे सरकून पाय टेकायचा, हेही अंगवळणी पडले. माझे कातडे त्यांच्या बैठकीप्रमाणे बसत गेले. कोण कुणाला घडवत होते, देव जाणे! गुडघे गप्प झाले. मी चार बोटे वर पोहोचले, तेव्हा बुवांच्या तोंडी रस्ता खचल्याची तक्रार होती आणि पायांना मात्र काहीच तक्रार नव्हती.

वर्ष सरत आले. त्या संध्याकाळी बुवांनी सायकल प्रार्थनामंदिराच्या खिडकीशी टेकवली. आत शेवटचे पद सुरू झाले. शेवटची ओळ आली. साथीची मंडळी नेहमीच्या जागी सूर उचलायला सरसावलेली, ती तशीच थांबली. फट पडलीच नाही. ओळ वळली, चढली, पुन्हा वळली आणि वर जाऊन शांतपणे टेकली.  बाहेर माझे तांब्याचे खिळे शहारले, खोटे नाही सांगत.

परतताना बुवा सायकल हातात धरून चालत होते. काकूही सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "एक सांगायचंय. रागावू नका. सीट मी—"

"दर शनिवारी. अर्धं नख," बुवा म्हणाले.

काकू जागीच थांबल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, मी घड्याळवाला. काटा केसभर सरकला तरी मला कळतो. दुसऱ्याच आठवड्यात दोरा दिसला."

"मग बोलला का नाहीत?"

"पाना माझ्या हातात असता, तर मी सीट खालीच घेतली असती. तो तुझ्या हातात होता, म्हणून मी नुसता बसत गेलो."

"आणि ती रस्ता खचल्याची कुरकुर?"

"ती तुझं तोंड बघायला! हसू दाबताना टाचणी गिळतेस की काय, याचीच काळजी."

"चला, म्हणे टाचणी गिळतेस!" असे म्हणून काकूंनी हँडलला एका बाजूने हात लावला.

मित्रांनो, तुमच्याही दारात माझी एखादी बहीण उभी असेल. भिजली तर तिला कोरड्या फडक्याने पुसा. जाड उशीखाली गाडू नका. आणि घरात कुणी खालीच बसून गुडघे दुखवून घेत असेल, तर त्याला एकदम उचलू नका. घाबरेल बिचारा. अर्ध्या नखाने घ्या.

माझ्या दांड्याखालच्या नळीवरचा लाल दोरा आता विटला आहे. काकूंनी तो कापायला कात्री आणली होती, पण बुवांनी कापू दिला नाही. रोज सकाळी ते मला पुसतात, दांडा पुसतात, आणि दोऱ्यापाशी आले की फडके बाजूला ठेवून तेवढी जागा बोटाने पुसतात.