अठ्ठेचाळीस तासांची संमती

निथळत ठेवलेल्या भांड्यांतून एक चमचा घसरला आणि बेसिनमध्ये खणकन पडला. मी श्वास रोखला. आतल्या खोलीत लेक कुशीवर वळली, पण उठली नाही. तिची दुपारची पाऊण तासाची झोप, हेच माझं ऑफिस.

लॅपटॉप उघडला. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. तक्रारींचे फोन पंधरा वर्षं ताई घेतात. कुठल्या मेकॅनिकला आधी कुठे पाठवायचं, ते त्याच ठरवतात. कुठल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर व्हीलचेअरवाल्या आजी आहेत, हे त्यांच्या डोक्यात असतं. आता ते काम एक अ‍ॅप करणार होतं, आणि ते मी बनवलं होतं. कोड लिहावा लागत नाही त्यात. चौकोन ओढायचे, बाणांनी जोडायचे, झालं. त्यातला एक चौकोन असा: फॉर्म पाठवल्यावर अठ्ठेचाळीस तासांत हरकत आली नाही, तर संमती धरावी. लोक उत्तरंच देत नाहीत, म्हणून मीच टाकलेला. एका हाताने लेकीला थोपटत.

फॉर्मच्या यादीत ताईंच्या नावापुढे हिरवी खूण होती. संमत.

मी फोन लावला. "ताई, परवाचा फॉर्म बघितलात?"

"कुठला गं? 'यूएटी पूर्ण, आरपीए लागू, एसएलए ४८', तो? बघितला की. म्हटलं, चुकून आलाय. तुमची बाराखडी तुम्हालाच लखलाभ, मी कशाला नाक खुपसू?"

"मला विचारायचं ना."

"मागे विचारलं होतं, सीआरएम म्हणजे काय म्हणून. अख्खी मीटिंग हसली. तूसुद्धा."

हसले होते.

"ताई, त्याचा अर्थ, चाचणी झाली, तुमचं काम आता यंत्र करेल, हरकत असेल तर दोन दिवसांत कळवा."

त्यांच्या टेबलावरचा दुसरा फोन वाजत राहिला. त्यांनी उचलला नाही.

"म्हणजे मी गप्प बसले, तर हो म्हणाले?"

"हो."

"कमाल आहे बाई. चाळीस वर्षांत नवऱ्यालाही हे जमलं नाही." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "जेवलीस का तू?"

साहेबांना विचारलं, मागे घेता येईल का. "मॅडम, संमती वर गेलीसुद्धा. महिनाअखेरीला त्यांची जागा बंद. तुमचा नियम मस्त चालला हं." मी थँक्यू म्हणाले.

आता रडू येईल म्हणून बसून राहिले. आलं नाही. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं; ती नीट लागेपर्यंत बघत राहिले. जेवणाचं ताट झाकलेलंच होतं.

लेक पांघरूण ओढत आली आणि मांडीत चढली. अंग झोपेने गरम होतं. ऑफिसात गेली की ती ताईंच्याच खुर्चीत बसते.

"फोनवर मावशी होती?"

"हो राणी. मावशी आता ऑफिसात नसणार."

"का?"

"तिला तिथून काढलं."

तिने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"मावशीने काय केलं?"