दोनदा पकडलेली धूळ

मित्रांनो, माझ्याजवळ बसायचे असेल तर आधी नाक धरा. मी जुना हवाधुव्या आहे. माझ्या पोटातला वास आजवर कुणालाच आवडलेला नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही. पण माझी कहाणी त्या वासाशिवाय सांगता येत नाही.

दिसायला मी लोखंडी कपाटासारखा आहे. खालच्या बाजूला पंखा, वर बारीक भोकांच्या सहा तोट्या, तळाशी एक पसरट ट्रे आणि पाठीवर पाण्याची टाकी. मला एका प्रयोगशाळेतल्या सरांनी आणि त्यांच्या फिटरने बनवले. फिटर सुरुवातीला सरांची चेष्टा करी. "सर, धुळीवर पाणी मारायला एवढं कपाट कशाला? झारी आणतो ना!"

सर म्हणाले, "तू माशी मारायला हात उगारतोस, तेव्हा काय होतं?"

"उडून जाते."

"तुझ्या हाताच्या वाऱ्यानेच बाजूला होते. अगदी बारीक धूळ पण तशीच. थेंब जवळ आला की हवेबरोबर त्याला वळसा घालून निसटते. म्हणून थेंबाने तिच्या मागे धावायचं नाही. तिनेच थेंबाकडे यायचं."

केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, हे तुम्ही पाहिले असेल. माझे तसेच आहे. माझ्या तोट्यांतून निघणाऱ्या थेंबांना विजेचा एक भार मिळतो आणि आत येणाऱ्या धुळीला त्याच्या उलटा. मग धूळ आपणहून थेंबाला जाऊन चिकटते, थेंब तिला घेऊन ट्रेमध्ये पडतो आणि हवा स्वच्छ होऊन बाहेर जाते. पहिल्या दिवशी फिटरने माझ्यासमोर उदबत्तीचा पुडाच पेटवला. मी सगळा धूर गिळला. तो बाहेर येणारी हवा हुंगून म्हणाला, "झारी राहू द्या."

तिथून मला शिंगांची बटणे करणाऱ्या एका कारखान्यात नेले. मित्रांनो, शिंग चाकावर घासताना कसा वास येतो ते तुम्हाला माहीत नसेल. केस जळल्यासारखा. तो कपड्यांत शिरतो, वेणीत शिरतो, जेवणाच्या डब्यात शिरतो. नऊ बायका नऊ चाकांवर बसत आणि त्यांच्या पापण्या संध्याकाळपर्यंत पांढऱ्या होत. त्यांत दोघी सख्ख्या जावा होत्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली तोंडाने फटकळ होती. धाकटी फारशी बोलत नसे, कारण बोलायला लागली की तिला खोकला येई.

मला धुण्यापुसण्याचे काम थोरलीवर आले. पहिल्याच दिवशी तिने नाक मुरडले. "घरात सासऱ्यांची अंघोळ, इथे या कपाटाची! माझ्या नशिबाला बादली काही सुटत नाही."

पण महिन्याभरात तिची भाषा बदलली. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात पूर्वी धुळीचे लोटच्या लोट फिरत. आता तो पट्टा रिकामा दिसू लागला. धाकटीचा खोकला कमी झाला. एकदा तर ती चाकावर बसल्या बसल्या गाणे गुणगुणली. थोरलीने माझ्या दारावर थाप मारली आणि म्हणाली, "धुव्या, शहाणा आहेस रे तू."

तेव्हापासून माझे नाव धुव्या पडले. तो काळ चांगला होता. बघायला लोक येत, मालक माझ्याकडे बोट दाखवून तासभर बोलत. ते बोलत असताना मी आपला शिंगाचा राखाडी लगदा गिळत असे. त्याची मला कधी किळस वाटली नाही. घाण खाणे हेच माझे काम आहे. किळस वाटली ती पुढे, माणसांची.

सरांनी मला सोडून जाताना दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, टाकीतले पाणी रोज बदलायचे. दुसरी, ट्रेमधला गाळ ओला असतानाच झाकणाच्या पिंपात भरायचा आणि गाडी आली की लांब पाठवायचा. "वाळू द्यायचा नाही," सर तीनदा म्हणाले होते.

कारखान्यावर एक मुकादम होता. केसांना तेल, शर्टाला कडक इस्त्री आणि जिभेवर साखर. मागच्या दाराची किल्ली त्याच्याकडे, गाळाचे काय करायचे तेही त्याच्याकडे. त्याला पिंपे जड वाटू लागली. पाणी बदलायचे म्हणजे एक बाई अर्धा तास चाकावरून उठते, तेही त्याला खुपू लागले. आधी पाणी दोन दिवसांनी बदलले जाऊ लागले, मग आठवड्याने, मग नाहीच. मित्रांनो, शिंगाचा गाळ पाण्यात कुजला की त्याला मेलेल्या उंदरासारखी दुर्गंधी येते. टाकीच्या भिंतींवर काळा, बुळबुळीत थर धरला. तेच पाणी माझ्या तोट्यांतून पुन्हा पुन्हा फवारले जाई. मला स्वतःचीच शिसारी येई. बायका पदराने नाक दाबून माझ्या नावाने बोटे मोडू लागल्या.

"या मेल्या धुव्यामुळेच माझा खोकला परत आलाय," धाकटी एक दिवस म्हणाली.

"बंद करून टाका याला," बाकीच्या म्हणाल्या.

मुकादमाला तेच हवे होते. मी बंद पडून राहिलो. माझ्या माथ्यावर चहाचे कप साठले, दारात फाटके हातमोजे कोंबले गेले. एकदा कुणीतरी ट्रेमध्ये पान थुंकले. पाहुणे येणार असले की तेवढ्यापुरते मला पुसून चालू करत.

आणि तेव्हा, मित्रांनो, मला ते कळले. मी चालू झालो की आत येणाऱ्या धुळीत काही कण ओळखीचे असत. चाकावरून नुकताच निघालेला कण धारदार असतो. हे कण भिजून, वाळून, तडकलेले होते. मी पूर्वी पकडलेले, माझ्याच पोटातून बाहेर गेलेले! मला ओरडावेसे वाटले. पण मला तोंडे सहा असली तरी त्यांतून फक्त पाणी निघते.

हे उघडकीला आले ते असे. बटणांचे मोठे गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होते. मधे सुट्टीचा दिवस होता. मुकादम थोरलीला म्हणाला, "बाई, आज ट्रे चकचकीत करून ठेवा. टाकीत ताजं पाणी भरा. उद्या दिवसभर मी हा चालू ठेवतो, म्हणजे परवा हवा कशी फुलासारखी होईल."

थोरलीने ट्रे घासला, पाणी भरले. टाकीच्या भिंतींवरचा काळा थर खरवडायला मात्र वेळ मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी मुकादम एकटा आला. माझा वास त्याला सहन होईना. त्याने खिशातून अत्तराची बाटली काढली आणि अख्खी टाकीत ओतली. कुजलेल्या शिंगावर गुलाब! दिवसभर मी तो घाणेरडा सुगंध फवारत राहिलो.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी थोरलीने माझे दार उघडले आणि ती थबकली. ट्रेमध्ये बोटभर गाळ होता.

"धाकटे, इकडे ये गं. काल सुट्टी होती ना?"

"होती की."

"चाकं बंद होती?"

"हो, जाऊबाई. चालवणार कोण?"

"मग हे कुठून आलं?" तिने गाळ चिमटीत चोळला. टाकीतला काळा, बुळबुळीत थर नव्हता तो. बारीक होता, पांढुरका, कोरड्या शिंगाचा वास असलेला.

ती मागच्या उंच खिडकीशी गेली, जिच्यातून फक्त आकाश दिसे. हात उंचावून फळीवरून बोट फिरवले. बोट पांढरे झाले. मुकादम काल मागच्या दाराला कुलूप लावायला विसरला होता. तिने ते ढकलले. परसात पत्र्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझा गाळ वाळत घातलेला होता. उन्हाने त्याला भेगा पडल्या होत्या, आणि वारा आला की त्याचा भुगा उठून सरळ खिडकीकडे येत होता. त्याच खिडकीखाली धाकटीचे चाक होते. दुपारी सगळ्या जेवायलाही तिथेच बसत.

थोरली परसात उतरली. तिने घमेले उचलले, ते त्या भुग्याने भरले, त्यावर ओले फडके टाकले.

मालकांची खोली माझ्या शेजारीच, काचेच्या भिंतीपलीकडे होती. मला सगळे ऐकू येत होते. पाहुणे दोघे होते, एक बाई आणि एक गृहस्थ. मालक सांगत होते, "तुमच्या घरात नसेल इतकी स्वच्छ हवा आहे आमच्याकडे. वास घ्या, वास घ्या! गुलाबासारखी."

मुकादम मान डोलावत होता. तेवढ्यात थोरली आत शिरली आणि तिने घमेले टेबलावर ठेवले. ओले फडके काढले.

"बाई, हे काय आणलंत?" मुकादम उठला. "बाहेर चला आधी."

"पाहुण्यांना बटणं दाखवलीत, धुव्या दाखवलात. हेही दाखवा की," थोरली म्हणाली. टेबलावर एक छोटा पंखा होता. तिने त्याचे तोंड घमेल्याकडे वळवले आणि बटणावर बोट ठेवले. "इथे उकडतंय. लावू का?"

"नको!" मालक खुर्चीवरून उडालेच. "अहो, नको, नको! नाकातोंडात जाईल सगळं!"

 थोरली मालकांकडे वळली.

"म्हणजे माहीत आहे तुम्हाला," ती म्हणाली. "दोन वर्षं आमच्या नाकातोंडात जातंय ते." तिने बटणावरचे बोट काढले. "मी नाही लावणार. माझी जाऊ मागे दारात उभी आहे."

धाकटी खरेच दारात उभी होती. तिला खोकला आला आणि तो थांबेना. पाहुण्या बाईंनी उठून तिला खुर्ची दिली आणि मालकांना विचारले, "मागचं आवार बघू शकतो का आम्ही?"

मग जे झाले ते बघून मला किळस वाटली. मालक म्हणाले, "हा सगळा मुकादमाचा हलगर्जीपणा आहे." मुकादम म्हणाला, "पिंपांची गाडी नको, गाळ मागेच वाळू द्या, असं मालकच म्हणाले होते." दोघे एकमेकांकडे बोट दाखवत होते, आणि दोघांच्याही कपड्यांना गुलाबाचा वास येत होता. कुजलेल्या पाण्याचा वास बरा म्हणायचा.

त्या दिवसापासून नऊच्या नऊ चाके बंद राहिली. गाळ भिजवून, खरवडून, पिंपांत भरेपर्यंत एकही बाई चाकावर बसली नाही. मालकांनी दटावून पाहिले, मग विनवून पाहिले. तिसऱ्या दिवशी आवार धुतले गेले. मुकादम गेला. मागच्या दाराची किल्ली बायकांनी स्वतःकडे घेतली आणि आजही ती त्यांच्याचकडे आहे. थोरलीने माझी टाकी विळ्याने खरवडली. तिला खरवडताना दोनदा उलटी झाली. पण सांधासांधा स्वच्छ केल्याशिवाय ती उठली नाही. तेव्हापासून माझे पाणी रोज बदलते.

आता माझा पत्रा गंजला आहे. सहापैकी चारच तोट्या चालतात. तरी हवा मी अजून धुतो. मित्रांनो, कुणी तुम्हाला स्वच्छ खोली दाखवली आणि कौतुक करायला सांगितले, तर जरूर करा. पण त्याआधी मागचे दार उघडायला सांगा आणि तिथली घाण कुठे जाते ते विचारा. विचारायला लाजू नका. माझ्यासारख्याला विचारता येत नाही.

धाकटीला डॉक्टरांनी चाकावर बसायची बंदी केली. छातीत गेले ते आता निघायचे नाही, असे ते म्हणाले. ती पलीकडच्या खोलीत बटणे कागदावर टाचायचे काम करते. तिथे जायला तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर ती भिंतीला हात लावून थांबते. हवेतला कण मी पकडू शकतो, तिच्या आत गेलेला नाही. संध्याकाळी मला बंद करतात, पंखा थांबतो, आणि मग तिचा श्वास मला ऐकू येतो.