खुंटीवरचा हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. थंडीत घालतात तो लोकरीचा नव्हे, आणि भांडी घासायचा तर मुळीच नव्हे. मी जाड रबराचा, थेट खांद्यापर्यंत येणारा, गाईगुरांच्या बाळंतपणात घालायचा हातमोजा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मला फारसं हसू आलेलं नाही.

कारखान्यात चिनी मातीचे हात रांगेने उभे होते. त्या हातांवर रबराचा रस चढला आणि मी जन्मलो. तेव्हापासून मला एकच ध्यास होता, आपल्या आत एक जिवंत हात असावा. पुढे मी आणि माझा जोडीदार साक्रीला आलो आणि तिथून पशुवैद्यक हेमलता मॅडमच्या पिशवीतून डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात पोहोचलो. मॅडमनी आम्हाला दिवालीबाईंच्या हातात ठेवलं.

दिवालीबाई कोण, हे त्या गावात कुणाला विचारायची गरज नाही. गाय अडली, वासरू आडवं आलं की माणसं तिच्या अंगणात धावत येत. ती बाही वर सारायची, हाताला तेल लावायची आणि डोळे मिटून आत हात घालायची. थोड्या वेळाने वासरू बाहेर. तिच्या हाताला यश आहे, असं सगळे म्हणत. मला वाटलं, नशीब काढलं आपण! एवढा नामांकित हात आपल्याला मिळणार!

मॅडम बजावून गेल्या, "दिवालीअक्का, उघड्या हाताने आत हात घालत जाऊ नका. जनावराचे काही रोग माणसाला लागतात."

मॅडमची स्कूटर वळली आणि दिवालीबाई नवऱ्याकडे, वनाकडे बघून म्हणाली, "मायले हात लावाले मोजा? गायले काय वाटी? टांगी दे तठे."

वनाने आम्हाला गोठ्यातल्या सागाच्या खांबावर, खुंटीला टांगलं. वर पत्रा, समोर पश्चिमेचं ऊन. झाला आमचा संसार.

माझा जोडीदार लवकरच गेला. गल्लीतल्या पोरांनी त्याच्यात पाणी भरलं, बोटांना काट्याने भोकं पाडली आणि गाय गाय खेळत त्याच्या धारा काढल्या. पोरं पोट धरून हसली. मी खुंटीवरून बघत होतो. खरं सांगू, थोडा हेवाही वाटला. निदान त्याला कुणी हातात तरी घेतलं होतं.

एके दिवशी वनाने बाजारातून एक संकरित गाय आणली. दिसायला देखणी, गाभण, आणि विकणारा घाईत. एवढ्या चांगल्या गाईची कुणाला इतकी घाई का व्हावी, असं मलासुद्धा वाटलं, पण खुंटीवरच्याला कोण विचारतं? ती गाय दिवस भरायच्या आधीच गाभडली. वासरू मेलेलं निघालं आणि जार, म्हणजे वासराभोवतीची वेष्टणं, आतच अडकून राहिला. दिवालीबाईने बाही वर सारली. गवत कापताना तिच्या बोटाला विळा लागला होता, ती जखम अजून ओली होती. माझा जीव वरखाली झाला. मी तिच्या डोक्याच्या वरच लटकत होतो, हात उंचावला असता तर मिळालो असतो. तिने उघड्या हाताने जार ओढून काढला, उकिरड्यावर टाकला आणि राखेने हात धुतले.

काही आठवड्यांनी तिला ताप भरू लागला. संध्याकाळी अंग तापायचं, रात्री लुगडं घामाने भिजायचं आणि सकाळी काही झालंच नाही अशी ती शेण भरायला उभी राहायची. दोनचार दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. कंबर धरली, मनगट सुजलं. सलाइन झालं, टायफॉइडच्या गोळ्या झाल्या, भगताचा अंगारा झाला. घरात गाय गाभडली होती का, हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि या घरातही ते सांगायचं कुणाला सुचलं नाही. मला सगळं दिसत होतं आणि तोंड नव्हतं. अशी घालमेल शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

शेवटी हेमलता मॅडम वासरांना लस टोचायला आल्या. त्यांनी अंथरुणावरची दिवालीबाई पाहिली आणि गाईची हकिकत ऐकली. त्यांनी गाईचं रक्त तपासायला घेतलं आणि दिवालीबाईला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दोघींच्याही रक्तात एकच रोग निघाला, गाईंना गाभडवणारा ब्रुसेलोसिस. दिवालीबाईला बरेच दिवस औषध घ्यावं लागलं.

"गाय वेगळी बांधा," मॅडम म्हणाल्या. "बाजारात परत नेऊ नका, वनाभाऊ, नाहीतर हाच ताप दुसऱ्याच्या घरी जाईल. दूध उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही. आणि सुनिताला गोठ्यापासून लांब ठेवा. पोटातल्या बाळाला धोका आहे."

सुनिता ही घरची सून. तिचा नवरा रोहिदास सुरतेला कामाला होता. सासू आजारी पडल्यापासून धारा तीच काढत होती, आणि तिला पाचवा महिना लागला होता. मॅडमनी तिचंही रक्त नेलं.

"माझे हातमोजे कुठे आहेत?" मॅडमनी जाताना विचारलं.

"एक शे," दिवालीबाई खाली बघत म्हणाली.

"तो तरी वापरा. येत्या खेपेला नवे आणते."

त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या घराने माझ्याकडे मान वर करून पाहिलं. लांबून मी कोरा करकरीत दिसत होतो.

नवे यायच्या आधीच घरची जुनी गाय, गवरी, गाभडली. भर सकाळ होती. जार लोंबत होता, गवरी हंबरत होती आणि वना गोठ्यात येरझारा घालत होता. दिवालीबाईच्या हातात बळ नव्हतं.

"पोरी, तुन्हा हात बारीक शे," वना सुनेला म्हणाला. "घाल आत. जार सडना ते गाय जाई."

सुनिताने पदर खोचला. "आत्या, काय करू?" तिने विचारलं.

दिवालीबाई भिंतीला धरून उठली. तिने मला खुंटीवरून काढलं, धूळ झटकली आणि सुनेचं मनगट हातात घेतलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला हाच तो क्षण! सुनिताची बोटं माझ्यात शिरली. ऊबदार, जिवंत बोटं. कोपरापर्यंत मी सुखाने चढलो आणि तिथे दिवालीबाईने मला जरा जोराने ओढलं.

मी टरकन फाटलो. तळहातापासून कोपरापर्यंत. पत्र्याखालच्या उन्हाने माझं रबर कधीच वाळून तडकलं होतं, ते मलाही ठाऊक नव्हतं. मला इतकी शरम वाटली की सांगता येत नाही.

फटीतून सुनिताचा उघडा हात दिसत होता. दिवालीबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मला उतरवलं, सुनेला दंडाला धरून घरात नेलं आणि स्वतः गोठ्याच्या तोंडाशी आडवी खाट टाकून बसली. तिने मॅडमना फोन लावला. मॅडम दूरच्या एका गावात होत्या, यायला दुपार होणार होती.

"मॅडम येई तवलोंग कोणी हात लावू नका," ती म्हणाली.

गवरी हंबरतच होती. वना चिडला, तिने ऐकलं नाही. शेजारी जमले. त्यांच्यातले म्हातारे पितांबर आबा म्हणाले, "अक्का, बठ्ठा गाव तुन्हा हातवर भरोसा ठेवस, अन तूच बशी ऱ्हायनी?"

मी तिच्या मांडीवर पडलो होतो. आयुष्यभर ज्या हाताने नाव कमावलं तो हात तिने माझ्यावर ठेवला होता.

"मन्ही मूठ वळत नही, आबा," ती घरातल्या सुनेकडे मान वळवत म्हणाली. "हिनी तरी वळू द्या."

आबा तिच्या शेजारी खाटेवर बसले.

मॅडम आल्या, नवे हातमोजे घालून त्यांनी गवरीवर उपचार केले. मेलेलं वासरू आणि जार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरला. गवरी वाचली. सुनिताच्या रक्तात काही निघालं नाही, आणि दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली. दिवालीबाईचा ताप गेला, पण मूठ अजून नीट वळत नाही. नातीला ती कोपराच्या बेचक्यात धरते आणि गोठ्यापासून लांब घेऊन बसते. अजून गावातून बोलावणी येतात. ती जाते, पण दारातच विचारते, हातमोजा आहे का? असेल तर घरच्या माणसाला तो घालायला लावून कसं करायचं ते सांगते; नसेल तर ती मॅडमना फोन लावायला सांगते आणि तिथेच बसून राहते.

मित्रांनो, मला कुणी मुद्दाम छळलं नाही. मला फक्त नीट टांगून ठेवलं. तुमच्या गोठ्यात, माळ्यावर, दाराआड माझा एखादा भाऊबंद असाच लटकत असेल. त्याला आज खाली काढा, ताणून बघा. तडकला असेल तर नवा आणा, धड असेल तर सावलीत ठेवा आणि वेळ आली की घाला. मी खुंटीवर होतो तोवर दिवालीबाईचा हात डोळ्यांदेखत गेला. माझ्या आत हात आला तो एकदाच, आणि तोही मला राखता आला नाही. तो राखला एका म्हातारीने, नुसतं बसून राहून.