मागच्या दारची टोपली

माझी सासू सरूबाई वेसाव्याची कोळीण. पासष्ट वर्षांची आहे, गोरेगाव स्टेशनबाहेर मासळी विकते, आणि अजून गिऱ्हाइकाला एक शब्द जास्त बोलू देत नाही. फिरायला म्हणून ती जन्मात कुठे गेली नाही. त्यामुळे माझ्या मुलाच्या, कृणालच्या वाढदिवसाला बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जायचं ठरलं आणि ती "मी पण येते" म्हणाली, तेव्हा मी नि माझा नवरा चंदर एकमेकांकडे बघतच राहिलो.

"तुम्ही कशाला आई, चालून चालून पाय दुखतील," मी म्हटलं.

"मना त्याचं तोंड बघायचंय," ती म्हणाली. "तिथं पकडून ठेवतात ना त्यांना?"

'तो' म्हणजे बिबट्या. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात, दिवेलागणीला, आमच्या मनस्वीला त्याने घराच्या मागून उचललं. नऊ वर्षांची होती. वेसाव्याचं घर दिरांच्या वाटणीत गेलं, तेव्हापासून आम्ही गोरेगाव पूर्वेला, स्टुडिओंच्या मागच्या डोंगराला चिकटलेल्या चाळीत राहतो. आमची शेवटची खोली. मागच्या दारातून दहा पावलांवर झाडी. त्या संध्याकाळचं याहून जास्त मला विचारू नका.

सांगायचंय ते टोपलीचं. धंदा संपला की टोपलीत जे उरतं, डोकी, कल्ले, आतडी, ते गटारात टाकायचं नाही, ही सासूची जुनी सवय. दर्याने दिलेलं आहे, ते मुक्या जिवाच्या पोटात जावं, असं तिला तिच्या सासूने शिकवलेलं. वेसाव्याला मांजरी खायच्या, कुणाचं काही बिघडलं नाही. इथे ती रोज संध्याकाळी मागच्या दाराने जाऊन झाडीपाशी टोपली ओतायची आणि दहा-बारा कुत्री जमायची. मनस्वी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी जंगलखात्याचा एक माणूस येऊन सगळं बघून गेला. मला नि चंदरला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तो पोरीसाठी नव्हता आला. कुत्र्यांसाठी येत होता, कितीतरी दिवस."

चंदरने मला मनस्वीच्या फोटोवर हात ठेवायला लावला. "आईला हे कळता कामा नये. मरेल ती." मी ठेवला हात. चंदरचं काय, तो मरोळला कारखान्यात मशीनवर, बारा तास घराबाहेर. कामावरून आल्यावर घरात तिच्यासोबत मी. ती भाकरी थापताना बिबट्याला शिव्याशाप द्यायची आणि मी शेजारी बसून गुमान कांदा चिरायचे. खोटं कशाला बोलू, डोकं फिरायचं माझं. तुझ्या टोपलीने माझी पोर खाल्ली म्हातारे, असं अगदी जिभेवर यायचं आणि मी गिळायचे. मनस्वी गेल्यापासून तिने टोपली घरी आणली नाही, बाजारातच ठेवून यायची. मला वाटलं, दुःखाने असेल. दोन वर्षं मी गप्प बसले. आपण किती मोठ्या मनाच्या, असंही वाटायचं मला. ते पण सांगून टाकते.

रविवार होता, पार्कात जत्रेसारखी गर्दी. सफारीच्या बसला दीड तास रांग लावली. बसच्या खिडक्यांना जाळ्या. कृणालला झाडाखाली झोपलेला वाघ दिसला, पोरगं खूश झालं. सासूने वाघाकडे बघितलंसुद्धा नाही.

"दादा," तिने गाइडला विचारलं, "बिबट्या कुठं हाय?"

तो हसला. "आजी, बिबट्यासाठी तिकीट कशाला काढलंत? डोंगराकडच्या चाळींमागे संध्याकाळी उभं राहायचं, फुकटात दिसतो."

बसमधली माणसं हसली. चंदरने पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला.

"तिथं कशाला येतो तो?" सासूने विचारलं.

"आई, तो बघा सिंह," मी म्हटलं. सिंह नव्हताच तिथे.

"कुत्र्यांसाठी," गाइड म्हणाला. "माणसाशी त्याला काही देणंघेणं नाही. लोक मटण-मासळीची घाण मागे टाकतात, कुत्री जमतात, कुत्र्यांमागे तो येतो. मग अंधारात एखादं पोर खाली वाकलेलं असलं, तर ते पण त्याला जनावरच वाटतं."

"बस कर ना यार," चंदर म्हणाला.

 सासू सगळ्या बससमोर, भाव सांगते तशा आवाजात म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळं. घाण मीच टाकायचे."

चंदर रडायला लागला. दोन वर्षं मी या क्षणाची वाट बघितली होती. तिला कळलं की मला बरं वाटेल, असं वाटायचं. काहीच बरं वाटलं नाही.

बाहेर आल्यावर चंदर कृणालला घेऊन पाण्याची बाटली आणायला गेला. आम्ही दोघी झाडाखाली बसलो. मी डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या होत्या, सुकटीची चटणी होती. तिने हात लावला नाही.

"तुम्ही काय मुद्दाम केलंत का आई," मी म्हटलं. "तुम्हाला काय माहीत होतं."

"माहीत होतं. तो जंगलवाला बोलला तवा मी दाराआड होते."

"मग दोन वर्षं त्या जनावराला शिव्या कशाला दिल्यात?"

"मग कोणाला देऊ?" तिने माझ्याकडे बघितलं. "त्या दिवशी मना ताप होता, कल्पिता. बाजारातून लवकर आले, टोपली मोरीत ठेवली नि भिंतीकडं तोंड करून पडले. झोपले नव्हते."

मी घास परत डब्यात ठेवला.

आता सांगते. त्या संध्याकाळी मी कामावरून आले ती वैतागून. घरभर वास, टोपलीवर माश्या. मनस्वी गृहपाठ करत होती. म्हणाली, मम्मी, अंधार पडलाय, उद्या आजी टाकेल. मी म्हटलं, नाटकं नकोत, ऊठ, ओतून ये, आणि टोपली नीट झटक. झटकायला ती वाकली असेल.

"चंदरला तू सांगितलंस, पोरगी आपणहून टोपली घेऊन गेली," सासू म्हणाली. "मी ऐकलं. काय बोलले नाय."

"मी सांगते त्याला. आजच सांगते."

"नको. घर मोडेल. मी बसमध्ये बोलले ना, माझ्यामुळं. तो मलाच दोषी धरेल आता. धरू दे. मी किती दिवस राहणार?"

चंदर आला. डोळे लाल झालेले. एरवी पाणी आधी आईला देतो, आज बाटली त्याने माझ्या हातात दिली. तिच्याकडे बघितलं नाही. माझ्या शेजारी बसला, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "दोन वर्षं तू तिच्यासाठी गप्प राहिलीस. दुसरी कुणी राहिली नसती."

सासू डब्याचं झाकण लावत होती. मी बाटली उघडली आणि पाणी प्यायले. त्याला अजून सांगितलेलं नाही.